शिरा जन्मापासून वेगळ्या, आता ॲड्रिनलला गाठ, तर ऑपरेशन करायचं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

आमची कुत्री दहा वर्षांची आहे. गेले काही महिने ती पाणी खूप पिते, रात्री धापा टाकत बसते, मधेच उठून घरभर फिरते. सोनोग्राफीत उजव्या ॲड्रिनल ग्रंथीला (किडनीजवळची, हार्मोन बनवणारी छोटी ग्रंथी) जवळपास तीन सेंटिमीटरची गाठ दिसली म्हणून सीटी केलं, तर त्यात भलतंच निघालं. पोटातली मोठी शीर, व्हेना केव्हा, यकृताच्या अलीकडेच संपते आणि रक्त अझायगस नावाच्या दुसऱ्या शिरेतून छातीत जातं, 'जन्मजात असावं' असं रिपोर्टमध्ये लिहिलंय. सर्जन म्हणाले ऑपरेशन करता येईल, पण अशा शिरा असलेल्या कुत्र्यावर मी केलेलं नाही, टेबलावर काहीही होऊ शकतं. दुसरे डॉक्टर म्हणाले वय झालंय, राहू द्या. नवऱ्याला दुसऱ्या डॉक्टरांचं पटतंय. मुलगी म्हणते ऑपरेशन नाही केलं तर आपण तिला मरायला सोडलं. मला वाटतं, मुळात जिच्या शिराच बिघडलेल्या आहेत तिला कापायचं धाडस करू नये, पण असं ठरवलं की रात्रभर झोप लागत नाही. आणि जन्मापासूनची गोष्ट दहा वर्षं आम्हाला कळलीच नाही, हेही खातंय.

उत्तर:

प्रिय ताई,

आधी ते शेवटचं वाक्य बाजूला काढू. तुम्हाला कळलं नाही कारण कळण्यासारखं काही नव्हतंच. ही रचना असलेले बहुतेक कुत्रे धावतात, खेळतात, म्हातारे होतात, आणि भलत्याच कारणासाठी कुणी सीटी केलं की ही गोष्ट अचानक समोर येते. नेहमीच्या रक्त तपासणीत ती दिसत नाही, स्टेथोस्कोपला ऐकू येत नाही, एक्स-रेमध्ये दिसली तरी ओळखायला तयार नजर लागते. तेव्हा त्याबद्दल स्वतःला काही लावून घेऊ नका.

आता 'बिघडलेल्या शिरा'. हा शब्द तुमच्या पत्रात आलाय आणि मला वाटतं सगळी भीती त्याच्याच आसपास घुटमळतेय. व्हेना केव्हा ही एकसंध बनून येणारी नळी नसते, पिल्लू गर्भात असताना वेगवेगळ्या भ्रूणशिरांचे तुकडे एकमेकांना जोडले जाऊन ती तयार होते, काही तुकडे टिकतात, काही विरून जातात. तुमच्या कुत्रीत यकृताच्या जवळचा एक जोड झालाच नाही. मग मागच्या पायांचं, किडन्यांचं सगळं रक्त अझायगसकडे वळलं, ती शीर त्यामुळे नेहमीपेक्षा खूप रुंद झाली, आणि पाठीच्या कण्याला धरून छातीत जाऊन हृदयाजवळच्या वरच्या मोठ्या शिरेला मिळाली. यकृताचं रक्त मात्र आपल्या वेगळ्या वाटेने थेट हृदयाकडे जातंय. हायवेचा एक तुकडा कधी बांधलाच गेला नाही आणि सगळी वाहतूक पहिल्या दिवसापासून दुसऱ्या रस्त्याने चाललीय, असं समजा. दहा वर्षं ती नीट चाललीय. क्वचित अशा रुंद शिरेत गुठळी होऊ शकते, तेवढं डॉक्टरांना माहीत असलं पाहिजे, पण ही रचना म्हणजे तिचा आजार नाही. पाणी पिणं, धापा टाकणं याचा या शिरांशी काहीही संबंध दिसत नाही, तो संशय गाठीवर जातो.

पण थांबा, 'जन्मजात असावं' मधलं ते 'असावं' मला जरा खटकतंय. ॲड्रिनलची गाठ शिरेच्या आत वाढत जाऊ शकते. उजव्या ग्रंथीचं आवरण तर व्हेना केव्हाच्या भिंतीला अक्षरशः चिकटलेलं असतं आणि ग्रंथीच्या अंगावरून जाणाऱ्या एका छोट्या शिरेतून गाठीचा तुकडा आत शिरायला वाट मिळते, तो तिथे वाढतो, आणि हळूहळू मोठी शीर बुजू शकते. हे सावकाश घडलं तर शरीर आजूबाजूच्या शिरा मोठ्या करून रक्ताला वाट काढून देतं, आणि त्यात अझायगसही येते. म्हणजे 'व्हेना केव्हा पुढे दिसत नाही, अझायगस मोठी आहे' हे चित्र दोन अगदी वेगळ्या कारणांनी दिसू शकतं, एक निरुपद्रवी जन्मजात रचना आणि दुसरं गाठीने शीर बंद केलेली. दोन्हींत पुढचं सगळं बदलतं.

म्हणून पहिलं काम हे करा की सीटीच्या मूळ फाइल्स (रिपोर्टचा कागद नव्हे, आणि मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो तर नव्हेच) प्राण्यांच्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवून हाच एक प्रश्न विचारा. ते बघतील की शिरेच्या आत काही भरलेलं दिसतंय का, न झालेल्या भागाच्या जागी दबलेली, बुजलेली शीर उरलीय का मुळात तिथे काहीच नाही, वर जाणारी अझायगस एकच गुळगुळीत रुंद नळी आहे का वेड्यावाकड्या बारीक शिरांचं जाळं झालंय. सीटी करताना कॉन्ट्रास्ट (रक्त चित्रात उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन धमनीची, यकृताच्या शिरेची आणि नंतरची अशा वेगवेगळ्या वेळांची चित्रं घेतली होती का हेही विचारा. फक्त एकाच वेळेचं चित्र असेल तर शिरेत अजून कॉन्ट्रास्ट न मिसळलेलं रक्तसुद्धा गुठळीसारखं दिसतं आणि उगाच घबराट होते. सीटी पुन्हा करावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका, भूल पुन्हा द्यावी लागेल हे खरं, पण या केसमध्ये सर्जनच्या हातात चाकूइतकंच महत्त्वाचं हे चित्र आहे.

समजा खरंच जन्मजात निघालं. मग ऑपरेशनमध्ये काय बदलतं? बराच फरक पडतो, पण लोकांना वाटतो तसा सरसकट 'अशक्य' वाला नाही. एरवी उजवी ॲड्रिनल काढताना सर्जन गाठ व्हेना केव्हापासून सोडवतो, आणि गाठ शिरेत गेली असेल तर ती शीर काही मिनिटं वरून-खालून आवळून धरतो, चीर देतो, तुकडा बाहेर काढतो, शिवतो. ती काही मिनिटं शरीर निभावून नेतं कारण मागचं थोडं रक्त अझायगससारख्या बाजूच्या वाटांनी वर जाऊ शकतं. तुमच्या कुत्रीत अझायगस हीच मुख्य वाट आहे. ती आवळली तर मागे फारसा पर्याय उरत नाही, आणि ती चुकून बांधली गेली तर परिणाम भयंकर होतील. दुसरं म्हणजे ही रुंद शीर नेमकी उजव्या ग्रंथीच्या जवळूनच वर-मागे वळते, त्यामुळे जिथे सर्जनला सवयीने 'इथे मोठं काही नसतं' असं वाटतं तिथेच मोठं काही असतं. आधी माहीत नसताना पोट उघडलं असतं तर हा खरा धोका होता. आता तो आधीच कागदावर आलाय, आणि तुमच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे असं मी म्हणेन, तुम्हाला ती सगळ्यात वाईट बातमी वाटतेय तरी.

(हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. जन्मजात शिरांचे प्रकार अनेक असतात. काहींना व्हेना केव्हा दोन असतात, डावीकडे एक जादा, आणि मग डाव्या बाजूची गाठ, जी एरवी मोठ्या शिरेपासून जरा लांब म्हणून त्यातल्या त्यात सोपी समजली जाते, ती सोपी राहत नाही. कधी किडनीची नळी शिरेच्या मागून वळसा घालून जाते आणि घाईत कापली जाऊ शकते. आणि काहींना शंट असतो, म्हणजे आतड्याकडून यकृतात जायचं रक्त यकृताला टाळून थेट मोठ्या शिरेत जातं. काही शंट डायफ्रामजवळच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याजवळच्या) शिरेला मिळतात, त्यांची लक्षणं इतकी सौम्य की कुत्रा मोठा होईपर्यंत कळत नाही. शंटची गोष्ट वरच्या सगळ्यापेक्षा वेगळी आहे कारण तिथे यकृतच लहान आणि कमकुवत असतं, भुलीची औषधं शरीरातून लवकर जात नाहीत, साखर खाली जाऊ शकते, रक्त गोठण्यात अडचण येऊ शकते. तेव्हा शिरा वेगळ्या आहेत एवढं ऐकून थांबू नका, कुठली, कुठून कुठे, आणि यकृताला रक्त पोचतंय का, हे विचारा. अझायगसवाल्या कुत्र्यांत कधीकधी शंटही सोबत असतो, म्हणून ताई, तुम्हीसुद्धा बाइल ॲसिडची टेस्ट (यकृत नीट काम करतंय का हे सांगणारी रक्ताची तपासणी) झालीय का ते बघा.)

आता खरा मुद्दा. तुमच्या पत्रात शिरांबद्दल भरपूर आहे आणि गाठीबद्दल फक्त तिचा आकार. ती गाठ कसली आहे, हे कुणी तपासलंय का? मला तसं दिसत नाही. घरात भांडण 'कापायचं की नाही कापायचं' यावर चाललंय आणि कशाला कापायचं हेच अजून माहीत नाही.

ढोबळमानाने तीन शक्यता असतात. एक, गाठ ग्रंथीच्या बाहेरच्या थरातली आहे आणि जादा कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड हार्मोन) बनवतेय, म्हणजे कुशिंग्ज नावाचा आजार. कुशिंग्जच्या बहुतेक कुत्र्यांत मूळ मेंदूजवळच्या पिट्युटरीत असतं, पण साधारण 15 ते 20 टक्क्यांत ते ॲड्रिनलच्या गाठीत असतं. पाणी, लघवी, भूक वाढणं, पोट सुटणं, केस विरळ होणं, धापा, हे सगळं त्यात बसतं. दोन, गाठ आतल्या थरातली आहे, फिओक्रोमोसायटोमा (थोडक्यात फिओ), जी ॲड्रिनलिनच्या जातीची रसायनं मधूनमधून रक्तात सोडते. त्यात बीपी उसळतं, हृदय धडधडतं, कुत्रा कारण नसताना अस्वस्थ होतो, धापा टाकतो, फेऱ्या मारतो, कधी कोसळतो, आणि तासाभराने काही झालंच नाही असा वागतो. तुमचं 'रात्री उठून घरभर फिरते' वाचून माझ्या डोक्यात आधी हेच आलं, पण पत्रावरून निदान करायची माझी हिंमत नाही आणि कुणी केलं तर ऐकू नका. तीन, गाठ काहीच बनवत नाहीये, नुसती आहे. हे वाटतं तितकं दुर्मिळ नाही, दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत ॲड्रिनलची गाठ सापडण्याचं प्रमाण एका मोठ्या अभ्यासात 4 टक्के होतं. पण त्याच विषयातला साधारण नियम असा की दोन सेंटिमीटरच्या वर गेलेल्या गाठीकडे कॅन्सरच्या संशयानेच बघायचं, आणि तुमची तीनच्या जवळ आहे, म्हणजे 'असेल काहीतरी' म्हणून सोडून देण्यासारखी ती नाही.

कुठली गाठ आहे हे कळायला पोट उघडावं लागत नाही. कॉर्टिसोलसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन दिवसभरात रक्ताचे नमुने घेतात. फिओसाठी लघवीत किंवा रक्तात मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिन (ॲड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांपासून शरीरात बनणारे पदार्थ) मोजतात, ही टेस्ट प्रत्येक लॅब करत नाही आणि नमुना कसा ठेवायचा याचे नियम असतात, म्हणून आधी लॅबला विचारूनच घ्यायला सांगा. छातीचं सीटी किंवा एक्स-रे, कुठे पसरलंय का बघायला. आणि बीपी. एवढी साधी गोष्ट आणि कितीतरी केसेसमध्ये तीच राहून गेलेली असते. शांत खोलीत, कुत्री स्थिरावल्यावर, पाच-सात रीडिंग घेऊन सरासरी काढतात. वरचं बीपी 160 च्या पुढे सतत राहिलं तर काळजीचं, 180 च्या पुढे डोळे, किडनी, मेंदू यांना थेट धोका. फिओत ते सतत वाढलेलं नसतंही, म्हणून एकदा नॉर्मल आलं की विषय बंद, असं नाही.

हे सगळं आधी का, तर तयारी त्यावर ठरते. फिओ असेल तर ऑपरेशनच्या आधी दोन-तीन आठवडे फिनॉक्सीबेन्झामिन नावाची गोळी हळूहळू डोस वाढवत देतात, जेणेकरून सर्जनचा हात गाठीला लागल्यावर बीपी छताला जाऊ नये. 2008 मध्ये आलेल्या एका अभ्यासात ही गोळी दिलेल्या कुत्र्यांपैकी 13 टक्के ऑपरेशनच्या काळात गेले आणि न दिलेल्यांपैकी 48 टक्के. नंतरच्या काही अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, त्यामुळे डॉक्टरांत यावर मतं आहेत, पण बरेचजण अजूनही देतात आणि माझं मतही द्यावी असंच आहे. कॉर्टिसोलची गाठ असेल तर तयारी वेगळी. तिथे भीती असते ती फुफ्फुसात गुठळी जाण्याची, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त, आणि जखम उशिरा भरण्याची, म्हणून काही डॉक्टर आधी ट्रायलोस्टेन देऊन कॉर्टिसोल खाली आणतात. शिवाय इतके दिवस एका बाजूने एवढं कॉर्टिसोल आलेलं असतं की दुसरी ग्रंथी आळसावलेली असते, गाठ काढली की तिला जागं व्हायला आठवडे-महिने लागतात आणि तोवर स्टेरॉइडच्या गोळ्या बाहेरून द्याव्या लागतात. त्या गोळ्या 'बरी दिसतेय' म्हणून घरच्या घरी अजिबात बंद करायच्या नाहीत.

धोक्याचे आकडे विचाराल तर सांगते. ॲड्रिनल काढण्याच्या ऑपरेशनमध्ये किंवा लगेच नंतर जाणाऱ्या कुत्र्यांचं प्रमाण जुन्या अभ्यासांत साधारण पाचात एक होतं. अलीकडे अनुभवी ठिकाणी, गाठ शिरेत गेलेली नसेल आणि ऑपरेशन ठरवून केलं असेल, तर ते दहात एकाच्याही खाली आलंय. गाठ शिरेत शिरली असेल तर वाढतं, आणि गाठ फुटून पोटात रक्त गेल्यावर इमर्जन्सीत करावं लागलं तर बरंच वाढतं. जे कुत्रे ऑपरेशन आणि त्यानंतरचे काही दिवस पार करतात त्यांतले पुष्कळ वर्ष, दोन वर्षं, कधी जास्तही चांगलं जगतात. पण हे सगळे आकडे नेहमीच्या रचनेच्या कुत्र्यांचे आहेत. गाठ आणि अशा शिरा एकत्र असलेले कुत्रे इतके थोडे असतात की त्यांचा वेगळा टक्का काढण्यात अर्थ नाही, कुणी तुम्हाला ठामपणे एक आकडा सांगितला तर तो आला कुठून हे जरूर विचारा.

तुमच्या सर्जनबद्दल. 'मी असं केलेलं नाही' हे ऐकून तुम्ही घाबरलात, मला मात्र त्या माणसाबद्दल आदर वाटला. पुढचा प्रश्न त्यांनाच विचारा की मग हे कोण करेल, तुम्ही कुणाला सोबत घ्याल, की पाठवाल? ॲड्रिनल नियमित काढणारा आणि मोठ्या शिरा शिवायची सवय असलेला सर्जन हवा. फक्त भूल बघणारा वेगळा माणूस हवा, जो धमनीत नळी घालून प्रत्येक ठोक्याचं बीपी बघेल आणि बीपी वर गेलं तरी, गाठ निघाल्यावर एकदम खाली आलं तरी, दोन्हीकडची औषधं भरून हाताशी ठेवेल. रक्तगट आधी तपासून, क्रॉसमॅच करून (दात्याचं रक्त तिला चालतं का हे पाहून) रक्त तयार हवं. आणि नंतर निदान दोन-तीन दिवस रात्रभर माणूस जागा असलेलं आयसीयू हवं. यातलं काही नाही अशा ठिकाणी, सर्जन कितीही चांगला असला तरी, मी या कुत्रीचं ऑपरेशन करायला सांगणार नाही. दुर्बिणीतून करता येईल का असंही लोक विचारतात कारण टाके लहान असतात. शिरेत न गेलेल्या छोट्या गाठींसाठी ते छान आहे, पण उजवी बाजू आणि वर ही रचना, इथे मी पोट नीट उघडून सगळं डोळ्यांसमोर ठेवणाऱ्याच्या बाजूने आहे.

आता तुमच्या मुलीचं वाक्य. ऑपरेशन न करणं म्हणजे मरायला सोडणं, हे तिला कुणीतरी मोकळं करून सांगायला हवं की तसं नाहीये. कॉर्टिसोलची गाठ असेल तर ट्रायलोस्टेनवर कितीतरी कुत्र्यांचं पाणी, भूक, धापा आटोक्यात येतात, गाठ जात नाही पण दिवस चांगले जातात. फिओ असेल तर बीपीची औषधं कायम चालू ठेवता येतात. काही ठिकाणी अचूक नेम धरून रेडिएशन देतात, शिरेत शिरलेल्या गाठींवरही ते वापरलं गेलंय, आणि जिथे शिरांमुळे चाकू चालवणं कठीण तिथे हा पर्याय निदान विचारून तरी बघावा. काहीच बनवत नसलेली गाठ असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी सोनोग्राफी करून ती वाढतेय का बघत राहणं हाही एक निर्णयच आहे, फक्त तारखा ठरवून आणि पाळून. पण तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं 'राहू द्या' यातल्या कशातच बसत नाही, कारण त्यात ना टेस्ट आहे ना औषध ना पुढची तारीख. नवऱ्याला हे दाखवा.

वयाचं म्हणाल तर दहा वर्षं हे आकडा म्हणून मला फार काही सांगत नाही. किडन्या कशा आहेत, हृदय कसं आहे, अजून पायऱ्या चढते का, तुम्ही आल्यावर उठून येते का, यावर मी जास्त जाईन. या गाठी म्हाताऱ्या कुत्र्यांतच निघतात, वर दिलेले आकडेही बहुतेक त्याच वयाच्या कुत्र्यांचे आहेत.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत पण तो असणार. ऑपरेशन, रक्त, आयसीयू आणि काही गडबड झाली तर पुढचे दिवस, असा वरचा आकडा लेखी मागा. पैशांमुळे औषधांचा मार्ग निवडावा लागला तर तो निवडा आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, म्हणजे ते त्या पैशांत बसणारी सगळ्यात चांगली गोष्ट सुचवतील. न सांगता टाळाटाळ केली की मधला वेळ जातो आणि गाठीला तुमची अडचण माहीत नसते.

माझा कल विचारलात तर असा. रेडिओलॉजिस्टने रचना जन्मजात सांगितली, गाठ शिरेत गेलेली नाही, कुठे पसरलेली नाही, टेस्टमध्ये ती काहीतरी बनवतेय असं आलं, आणि वर लिहिलेली टीम मिळाली, तर मी ऑपरेशनच्या बाजूने आहे, वेगळ्या शिरा असूनही. गाठ त्या रुंद अझायगसच्या आत गेलेली निघाली तर माझं मत औषधं किंवा रेडिएशनकडे झुकेल, कारण तिथे आवळायला आणि सोडायला जागाच फार कमी उरते. आणि जर ते जन्मजात नसून गाठीने शीर बंद केलेली असेल, तर गंमत अशी की रक्ताने आधीच दुसऱ्या वाटा काढलेल्या असल्यामुळे शिरेच्या तुकड्यासकट गाठ काढणं काही कुत्र्यांत जमलेलं आहे, पण ते फार मोठं ऑपरेशन आहे आणि तो निर्णय तुम्ही फक्त ते प्रत्यक्ष करणाऱ्या माणसासमोर बसून घ्यायचा, माझ्यासारखीचं वाचून नाही.

या आठवड्यात एवढंच करा. सीटीच्या फाइल्स दुसऱ्या मतासाठी पाठवा, बीपी मोजून घ्या, लॅबला फोन करून मेटानेफ्रिनच्या टेस्टचं विचारा, आणि रात्री ती फेऱ्या मारायला लागली की मोबाइलवर व्हिडिओ काढून वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल. पोटावर जोरात दाब येईल असं उचलणं, मुलांनी अंगावर लोळणं, उंच उड्या हे सध्या बंद. आणि ती एकदम गळून बसली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोट ताणल्यासारखं झालं किंवा मागचे पाय अचानक लुळे पडले तर सकाळची वाट बघू नका, रात्रीचं उघडं असलेलं हॉस्पिटल कुठलं, तिथे रक्त देण्याची सोय आहे का, हे आजच विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवा, आणि निघताना तिथे सांगा की ॲड्रिनलची गाठ आहे आणि व्हेना केव्हाची रचना वेगळी आहे, रिपोर्टची कॉपी सोबत आणतोय.